शहराने नेट स्वस्त करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? (खान्देशकर, जरा बोला)

तापीकाठ (धागाकर्ता)

परवा रात्री साडेनऊला दूध आणायला निघालो होतो. आमच्या चौकात एका बँकेची शाखा आहे, सहाला शटर पडतं. तिच्या पायऱ्यांवर तीन पोरी बसलेल्या. एकीच्या हातात फोन, दुसरी बॅटरीचा उजेड पाडून कसला तरी कागद धरून, तिसरी नुसतीच डास मारत. विचारलं तर म्हणे अकरावीचा पसंतीक्रम भरतोय. इथे का? तर बाजूचा मोबाइलवाला दुकान बंद केल्यावरही राउटर चालू ठेवतो आणि पासवर्ड त्याने यांना दिलेला आहे. "घरी पप्पांच्या फोनमध्ये असतं ना नेट." असतं, पण पप्पा येतात साडेआठला, आणि रोजचा दीड जीबी तोवर त्यांच्या कामातच संपलेला असतो.

घरी येऊन हिशोब मांडला. जुलै २०२४ मध्ये दर वाढले, तेव्हा २८ दिवसांचा रोज दीड जीबीवाला प्लॅन २९९ ला गेला. २८ दिवसांचा महिना म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. एका फोनचे ३,८८७ रुपये. घरात तीन फोन असतील तर साडेअकरा हजारांच्या वर. याउलट ३९९ चं फायबर घेतलं तर १८ टक्के जीएसटी धरून महिना ४७१, वर्षाचे साडेपाच हजारांच्या थोडे वर, आणि अख्खं घर चालतं. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी तोच जास्त मोजतो! कारण सरळ आहे. फायबरवाला सहा महिन्यांचे एकदम मागतो किंवा राउटरची अनामत मागतो. हमालाकडे आज २९९ निघतात, तीन हजार निघत नाहीत. घर भाड्याचं असेल तर मालक भिंतीला भोक पाडू देत नाही, ते वेगळंच.

आमच्या शहरात (नाव लिहीत नाही, नाहीतर इथेच वॉर्डाचं राजकारण सुरू होईल) काही वर्षांपूर्वी बागेत 'मोफत वाय-फाय' लागलं होतं. फीत कापली, फोटो छापून आले. परवा जाऊन पाहिलं. खोका खांबावर आहे, आतला अडॅप्टर गेलेला, आणि त्याच बोर्डावरून रसवंतीवाल्याने पंखा घेतलाय. मला त्याचा राग आला नाही. त्या विजेचा निदान उपयोग तरी होतोय.

तर प्रश्न असा: शहर म्हणून, म्हणजे पालिका, वाचनालयं, केबलवाले, आपण सगळे मिळून, नेट स्वस्त होण्यासाठी काय करता येईल? "कंपन्यांनी दर कमी करावेत" हे उत्तर कृपया नको, ते आपल्या हातात नाही.

भरीतप्रेमी

नळाला पाणी चौथ्या दिवशी. नेट तरी रोज येईल ना भो?

तापीकाठ

हसलो, पण मुद्दा तिथेच आहे. पाणी आणि नेट दोन्ही नळीतून येतं, आणि नळी टाकायला रस्ता पालिकेचाच लागतो.

स्प्लायसर

वीस वर्षं झाली या धंद्यात. आधी केबल टीव्ही, आता फायबर. जरा लांबेल, चालवून घ्या.

लोकांना वाटतं नेट महाग कारण डेटा महाग. तसं नाही. आमच्याकडे एका ओएलटीच्या (आमच्या ऑफिसातलं मशिन, जिथून घरांकडे फायबर निघते) पोर्टमधून अडीच जीबीपीएस निघतात आणि स्प्लिटर लावून त्यावर ६४ घरं चढवतो. सगळ्यांनी एकाच क्षणी ओढलं तरी घरटी ३९ एमबीपीएसच्या आसपास पडतात, आणि एकाच क्षणी सगळे कधीच ओढत नाहीत, म्हणून शंभर एमबीपीएसचा प्लॅन विकता येतो. जे व्हिडिओ लोक सारखे पाहतात त्यांच्या प्रती साठवणारे कॅश सर्व्हर कंपन्यांकडेच असतात, ते लांबून आणावं लागत नाही. पैसा जातो कुठे? शेवटच्या दोनशे मीटरमध्ये. खांब, ड्रॉप वायर (खांबावरून घरात येणारी), पोऱ्याचा पगार, वसुली, आणि तोडफोड.

तोडफोडीचं सांगतो. मागच्या मे महिन्यात एका कॉलनीत जेसीबीने आमची मेन केबल उचलली. दुपारचे दोन, पारा ४४ च्या वर. काचेचा धागा १२५ मायक्रॉनचा, त्यातला प्रकाश जाणारा गाभा फक्त ९ मायक्रॉन. घामाचा थेंब पडला की जोड वाया. मी डोक्यावर ओला टॉवेल, पोऱ्याने मशिनवर छत्री धरलेली, एकेक कोअर (धाग्याला आम्ही कोअर म्हणतो) जोडतोय. २४ कोअर. वर गॅलरीतून एक काकू ओरडतात, "अहो, सिरियल कधी सुरू होईल?" तेवढ्यात जेसीबीवाला येऊन विचारतो, "इथून पुढे खोदू का?" (धागाकर्ते, तुमचा धागा बरा, कोणी जेसीबी लावत नाही.)

'कॉल बिफोर यू डिग' नावाचं केंद्र सरकारचं अॅप मार्च २०२३ पासून आहे. खोदणाऱ्याने आधी नोंद करायची, ज्याची केबल आहे त्याला निरोप जातो. आमच्या भागातल्या एकाही ठेकेदाराने मला आजवर असा निरोप पाठवलेला नाही. पालिकेने नुसती एक अट घातली, की अॅपवर नोंद नसेल तर खोदाईचं बिल निघणार नाही, तरी माझा वर्षाचा दुरुस्तीचा मोठा खर्च वाचेल. नवा पैसा लागत नाही याला.

दुसरं. पाण्याची पाइपलाइन आणि भुयारी गटार यांच्यासाठी आपल्याकडे गेल्या काही वर्षांत कुठला रस्ता खोदायचा राहिलाय? त्या प्रत्येक चरात एक रिकामी एचडीपीई (प्लास्टिकची) नळी टाकून ठेवली असती तर आज कोणीही कंपनी भाडं भरून आपली फायबर त्यातून ओढून नेली असती. खोदाईच्या खर्चापुढे नळी म्हणजे किरकोळ. पण पाणीपुरवठ्याच्या टेंडरमध्ये नळी बसत नाही आणि नळीचं टेंडर कुठल्याच खात्यात बसत नाही.

निवृत्त_लेखापाल

स्प्लायसर यांचं शेवटचं वाक्य फ्रेम करून लावावं असं आहे. मी एका नगरपरिषदेत अठ्ठावीस वर्षं काढली. बागेतल्या वाय-फायचं काय झालं ते न बघता सांगतो. खरेदी भांडवली खर्चातून झाली. त्याला निधी मिळतो, जिल्हा नियोजनच्या नावीन्यपूर्ण योजनेतून वगैरे. खोका आला, खांब आला, उद्घाटन झालं. वर्षभर ठेकेदाराची देखभाल. तेराव्या महिन्यात लाइनचं भाडं आणि देखभाल महसुली, म्हणजे रोजच्या चालू खर्चात आली, आणि तिथे आधीच पगार, निवृत्तिवेतन, पथदिव्यांचं वीजबिल रांगेत उभं. लाइन बंद. अडॅप्टर नंतर गेला. आधी लाइन गेली.

म्हणून माझं मत: पालिकेने खोके विकत घेऊच नयेत. ज्या जागा आधीच चालू आहेत, जिथे दार उघडणारा आणि कुलूप लावणारा माणूस आहे, तिथल्या लाइनचं मासिक बिल भरावं. वाचनालय, अभ्यासिका, दवाखाना. अंदाजपत्रकात 'सार्वजनिक इंटरनेट देयक' असं एक लेखाशीर्ष उघडलं की दरवर्षी त्यात आपोआप तरतूद पडत जाते. लेखाशीर्षाशिवाय सरकारात काहीही जगत नाही, हे लिहून ठेवा.

पुण्यातला_खान्देशी

स्प्लायसर म्हणतात ती नळीची कल्पना स्वीडनमध्ये तीस वर्षांपूर्वीच झाली आहे. स्टॉकहोम शहराने १९९४ मध्ये 'स्टोकॅब' नावाची स्वतःची कंपनी काढली. ती ग्राहकाला नेट विकत नाही. शहरभर रिकामी फायबर टाकते आणि मागेल त्या कंपनीला सारख्या अटींवर भाड्याने देते. सेवा देणारे आपसात भांडतात, ग्राहकाचा फायदा. अमेरिकेत चॅटनूगात शहराच्याच वीज कंपनीने फायबर टाकलं, २०१० मध्ये एक गिगाबिटची सेवा दिली, आणि २०२० मध्ये कोविडात गरीब घरच्या हजारो शाळकरी मुलांना फुकट जोडणी दिली. आपल्याकडे केरळने के-फोन हे सरकारी फायबरचं जाळं केलं, वीज मंडळाच्या खांबांवरून. मग आपण का नाही?

निवृत्त_लेखापाल

केरळचं पूर्ण सांगा. वीस लाख गरीब कुटुंबांना फुकट असं जाहीर झालं होतं. ५ जून २०२३ ला उद्घाटन झालं तेव्हा पहिल्या टप्प्यात ठेवली होती १४,००० कुटुंबं, मतदारसंघामागे शंभर. मी नावं ठेवत नाही, खांब आणि फायबर उभी राहिली ही मोठीच गोष्ट. पण 'फुकट' हा शब्द जाहीर करायला एक दिवस लागतो आणि यादी करायला पाच वर्षं. शिवाय केरळात वीज मंडळ आणि नेट कंपनी एकाच सरकारच्या घरात. आपल्याकडे दिव्याचा खांब पालिकेचा, त्याच रस्त्यावरचा विजेचा खांब महावितरणचा, आणि दोघांच्या खांबांवर लोंबणाऱ्या वायरी कोणाच्या ते देवाला ठाऊक.

स्प्लायसर

माझ्याच असतील त्यातल्या बऱ्याच 😀

खांबांवरून आठवलं. केंद्राच्या मार्गाधिकार (केबल, खांब टाकायच्या परवानगीच्या) नियमांत २०२२ ला दुरुस्ती झाली. दिव्याच्या खांबावरून केबल न्यायला वर्षाला खांबामागे १०० रुपये, शहरात छोटा मोबाइल सेल (खांबावरचा छोटा टॉवरच) लावायला ३०० रुपये, याहून जास्त घ्यायचं नाही. पुढे २०२४ चे नवे नियम आले, ते १ जानेवारी २०२५ पासून लागू. अर्जावर मुदतीत उत्तर नाही दिलं तर परवानगी मिळाली असं धरायचं. कागदावर छान आहे. पण आमच्यासारखा छोटा माणूस 'धरून' चालला आणि उद्या अतिक्रमणवाल्यांनी केबल कापली तर नियमांचं पुस्तक घेऊन कुठे जाऊ? मोठ्या कंपनीकडे वकील असतो. माझ्याकडे शिडी असते.

बचतगटवाली

तुम्ही सगळे खांब आणि नळ्यांवर बोलताय. मी वस्तीतलं सांगते.

आमच्या गटात चौदा जणी. स्वतःचा स्मार्टफोन पाच जणींकडे. बाकीच्यांचा 'घरातला' फोन, म्हणजे नवऱ्याचा किंवा पोराचा. लाडकी बहीणची ई-केवायसी आली तेव्हा ओटीपी पतीच्या नंबरवर, पती सुरतला कामाला. ती बाई फोन करून विचारते, "आला का नंबर?" तोवर ओटीपीची वेळ संपते. शेवटी केंद्रावर जा, रांग लावा, दिवसाची मजुरी बुडवा, वर पन्नास-शंभर द्या. तुम्ही शहरभर फायबर टाकली तरी हिचा प्रश्न तिथेच राहतो.

आणखी एक. चौकातलं फुकट वाय-फाय बायकांसाठी नसतं. रात्री आठनंतर बागेतल्या त्या खोक्याखाली कोण उभं असतं ते तुम्हाला माहीत आहे. तापीकाठ, तुम्हाला त्या पोरी पायऱ्यांवर दिसल्या कारण त्या तिघी होत्या. एकटी बसली नसती.

मला विचाराल तर अंगणवाडीच्या खोलीत लाइन द्या. दुपारी एकनंतर ती खोली मोकळी असते. तिथे आम्ही बसू, फॉर्म भरू, एकमेकींना शिकवू. दार आतून लावता येतं.

भरीतप्रेमी

ताई, हे वाचून माझी वरची चौथ्या दिवसाची थट्टा फिकी पडली. बरोबर आहे तुमचं.

अभ्यासिका_खुर्ची_१७

मी पोलीस भरती आणि एमपीएससी कंबाइन्डची तयारी करतो. आमच्या अभ्यासिकेत महिन्याचे सहाशे घेतात, त्यात नेट 'आहे' असं लिहिलंय. चाळीस पोरं, एक राउटर, तोही मालकाच्या केबिनमध्ये भिंतीआड. खुर्ची १ ते १० ला नेट येतं, ११ ते २० ला आशा, पुढे नुसतं पंख्याचं वारं. टेस्ट सिरीज देताना पान फिरत राहतं आणि घड्याळ मात्र चालू असतं.

भुसावळला मामाकडे गेलो की स्टेशनवर बसतो. रेल्वेच्या रेलटेल कंपनीचं वाय-फाय पहिला अर्धा तास फुकट, १ एमबीपीएस. पुढे पाहिजे तर पैसे भरा. २०२१ ला सशुल्क प्लॅन आणले तेव्हा १० रुपयांत दिवसाला ५ जीबी होतं, ३४ एमबीपीएसने. दहा रुपये! असं आमच्या चौकात का मिळत नाही?

स्प्लायसर

मिळू शकतं. सार्वजनिक वाय-फायची केंद्राची योजना आहे, त्यालाच पीएम-वाणी म्हणतात. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलं. कल्पना जुन्या पीसीओसारखी. पिवळ्या पाटीवर एसटीडी-आयएसडी लिहिलेलं असायचं ना, तसं हे पीडीओ, पब्लिक डेटा ऑफिस. चहावाला, किराणावाला, कोणीही. लायसन्स नको, नोंदणी नको, फी नको. वर एक पीडीओए नावाची संस्था असते. ग्राहकाची ओळख, ओटीपी, हिशोब ती बघते, आणि तिला मात्र दूरसंचार विभागाकडे नोंद लागते. गिऱ्हाईक अॅपवरून जोडतो, पाच-दहा रुपयांचं व्हाउचर घेतो. उद्या दुसऱ्या चौकात गेला तरी तेच खातं चालावं हा उद्देश.

अभ्यासिका_खुर्ची_१७

मग पाच वर्षांत मला एकही पाटी का दिसली नाही?

स्प्लायसर

कारण कंपन्या चहावाल्याला सांगायच्या, बाबा, तू विकणार आहेस ना, मग घरगुती प्लॅन चालणार नाही, लीज्ड लाइन (फक्त तुझ्यासाठीची वेगळी लाइन) घे. तिचा दर कित्येक पट. चहावाला म्हणाला, मग मी चहाच विकतो. २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी हॉटस्पॉट म्हटलं होतं. २०२४ संपताना पीएम-वाणीचे अडीच लाखांच्या आसपास होते. मग जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने आदेश काढला: २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओला द्यायचे, आणि घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. आता गणित बसतं. ४०० ची लाइन त्याला फार तर ८०० ला पडेल, अधिक जीएसटी. रोज चार-पाच जणांनी दहा रुपये दिले तरी लाइनचं बिल निघतं.

एक सांगून ठेवतो, मी संत नाही. पालिकेने उद्या सगळ्यांना फुकट नेट दिलं तर माझ्याकडची सहा पोरं घरी बसतील. पण जे आज माझं गिऱ्हाईकच नाहीत, ज्यांच्याकडे सहा महिन्यांचे एकदम नाहीत, त्यांना दहा रुपयांनी द्यायला माझी ना नाही. उलट मलाच पाहिजेत ते. वसुलीला पोऱ्या पाठवावा लागत नाही.

सातपुडामास्तर

भो, आठे त फोन लावासाठे बी टेकडीवर चढनं पडस.

माफ करा, शहराचा धागा आहे. पण खान्देश म्हटलं म्हणून लिहितो. मी धडगाव तालुक्यात शिक्षक. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. दिल्लीहून मोठी मंडळी आली होती. आज आमच्या पाड्यावर त्याच आधारचा ओटीपी यायला माणूस टेकडीवर जातो, आणि बायोमेट्रिक लागत असेल तर जीप करून तालुक्याला. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आणायची योजना २०११ पासून आहे. आमच्या ग्रामपंचायतीत पेटी आहे, भिंतीवर. हिरवा दिवा लागला की मुलं टाळ्या वाजवतात.

शहरवाल्यांना एकच विनंती. आमची मुलं दहावीनंतर तुमच्याकडेच येतात, वसतिगृहात किंवा चौघांत एक खोली करून. पोरगं गावाहून येताना तांदळाची पिशवी आणतं, डेटा आणू शकत नाही. वसतिगृहांची लाइन कुठल्या यादीत आहे का, तेवढं बघा.

पुण्यातला_खान्देशी

मास्तर, शब्द नाहीत. स्टॉकहोम मागे घेतो.

निवृत्त_लेखापाल

स्टॉकहोम राहू द्या, नळी त्यांच्याकडूनच घ्यायची आहे. पण सुरुवात वसतिगृहापासून.

एक गोष्ट सुचते. शहरात सीसीटीव्ही लागलेत. त्या कॅमेऱ्यांसाठी चौकाचौकांत फायबर गेलेली आहे. स्प्लायसर, तिच्यात जागा असते का हो?

स्प्लायसर

साहेब, मी हेच लिहायला घाबरत होतो. आमच्याकडे जी टाकलीय ती बहुतेक २४ कोअरची. कॅमेऱ्यांना लागतात दोन-चार. बाकीचे कोअर खोक्यात गुंडाळी करून झोपलेत. सुरक्षेचं जाळं वेगळं ठेवायलाच पाहिजे, पण ते वेगळं ठेवता येतं, कोअरच वेगळा असतो. पोलीस, पालिका आणि ठेकेदार या तिघांच्या सह्या लागतील.

भरीतप्रेमी

तीन सह्या! त्यापेक्षा जेसीबी बरा.

तापीकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय, झालं तेवढंच सांगतो.

नळीसाठी आणि अॅपच्या अटीसाठी लेखापाल साहेबांनी अर्जाचा मसुदा करून दिला. दिला आवक-जावकला, शिक्का मारून पोच घेतली. टेबलावरचे म्हणाले, "हे बांधकामचं की पाणीपुरवठ्याचं?" मी म्हटलं, दोन्हीचं. ते म्हणाले, "मग दोन प्रती लागतील." बाहेर जाऊन झेरॉक्स काढून आणली. कोअरचा विषय अजून कुठेच काढलेला नाही.

अंगणवाडीचं अडलंय. खोली ज्या खात्याची ते म्हणतात लाइन घ्या, बिल कोण भरणार ते लेखी द्या. बचतगटवाली ताई म्हणाल्या, पहिले सहा महिने गट भरेल, पण मग खोलीची चावी गटाकडे पाहिजे. त्यावर पुढच्या सोमवारी बैठक आहे. मी जाणार आहे.

वसतिगृहाच्या अधीक्षकांना भेटलो. माणूस चांगला वाटला. लाइन आहे म्हणाले, ऑफिसात. मुलांसाठी? "मुलं गेम खेळतील." मी म्हटलं, आज ती मुलं तुमच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून शेजारच्या हॉटेलचं वाय-फाय पकडतात, तिथे काय करत असतील? ते हसले. हो म्हणाले नाहीत.

आणि चौकातला मोबाइलवाला पीडीओ व्हायला तयार झाला. पोरींचा पासवर्ड मात्र चालूच ठेवणार म्हणतो, "त्यांच्याकडून काय दहा रुपये घेऊ?" त्याला फक्त राउटर बाहेर, पायऱ्यांच्या दिशेने, वर लावून पाहिजे. स्प्लायसर, हे तुमच्या भागात येतं. किती घ्याल?

स्प्लायसर

वायरचे द्या. बुधवारी सकाळी येतो, ऊन चढायच्या आत. माझी शिडी साइटवर अडकलीय, तिकडे कोणाची आहे का?

तापीकाठ

गणपती मंडळाची आहे. चावी रसवंतीवाल्याकडे असते, विचारतो.